छतातला एकच हूक

आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेच्या छताला एकच हूक होता, आणि तो मी आधी धरला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं भांडण त्या हुकावरून झालं. मी त्यात कुठं बरोबर होते आणि कुठं हट्टी, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी माझ्या बाजूनंच लिहिणार आहे.

अभ्यासिका म्हणजे समाजमंदिराची मागची खोली. मांजरसुंब्याकडून येणारा मोठा रस्ता सोडून आत वळलं की पहिली वस्ती आमची, मग गाव. खोलीला दोन खिडक्या, चार बाकं, एक लांब टेबल, आणि पोलीस भरती, तलाठी, रेल्वे अशा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसलेली वीसेक पोरंपोरी. स्लॅब टाकताना गवंड्यानं मधोमध सळईचा एक हूक वाकवून सोडला होता. कधीतरी पंखा येईल म्हणून. पंखा आला नाही. हूक वर्षानुवर्षं रिकामा राहिला, आणि मग मी त्याला माझं हलतं टांगलं.

‘हलतं’ हा वस्तीनं दिलेला शब्द. कलेच्या पुस्तकांत त्याला मोबाईल म्हणतात. तारेच्या दांड्या, त्यांच्या टोकांना पत्र्याचे तुकडे, आणि सगळं मिळून एकाच दोऱ्यावर तोललेलं. जराशी झुळूक आली की प्रत्येक तुकडा आपापल्या वेगानं फिरतो, तरी एकमेकांना धडकत नाही. चित्रकलेच्या पदविकेला होते तेव्हा एका जुन्या मासिकात त्याचा फोटो पाहिला. फोटोत ते अर्थातच थांबलेलं होतं. हलताना बघायचं तर स्वतः करणं भाग होतं.

पत्रा घरातच होता. माझे वडील, अप्पा, बीडला एका छापखान्यात मशीनवर आहेत. छपाई झाली की ॲल्युमिनियमच्या पातळ प्लेटा वाया जातात. त्या भंगारात जायच्या आधी अप्पा थोड्या घरी आणायचे. आमच्या मोरीच्या आडोशाला प्लेटा, कोंबड्यांच्या खुराड्याला प्लेटा, चुलीमागच्या भिंतीला प्लेटा. सगळ्यांवर निळसर अक्षरं. लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या शुभेच्छा, शिकवण्यांच्या जाहिराती. आणि पत्रकं. मोर्चाची, धरण्याची, जयंतीची, पाण्याच्या टाकीची, रेशनची. मी बालवाडीत शिकले त्याहून जास्त त्या पत्रकांवर शिकले. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता येत होते.

अप्पा रविवारी दिंद्रुडच्या बाजारात पत्रकं वाटायला जायचे आणि मला सोबत न्यायचे. लोक पत्रक घ्यायचे, घडी घालायचे, आणि पुढच्या गाड्यावर त्याच कागदात शेंगदाणे बांधून मागायचे. मला रडू यायचं.

“अप्पा, त्यांनी पुडी केली!”

“करू दे की. घरी गेल्यावर सोडतेल ना पुडी? मग वाचतेत. रिकामा कागद कोनी वाचत न्हाई, दान्याचा वाचतेत.”

अशा माणसाच्या लेकीनं पत्र्याचे तुकडे हवेत टांगायला घेतले, तर घरात काय होणार? पहिलं हलतं मी वरून करायला घेतलं. आधी मोठी दांडी, मग तिच्या खाली छोट्या. एक टोक लावलं की दुसरं वर. चार दिवस मी त्या दांड्यांशी भांडले. मग उमगलं की हे काम खालून सुरू करायचं असतं. सगळ्यात खालची, सगळ्यात छोटी दांडी आधी. दोन्ही टोकांना तुकडे लावायचे, दांडी बोटावर ठेवायची, आणि ती जिथं आडवी थांबेल तिथं गोल तोंडाच्या पकडीनं कडी वळवायची. मग ही तोललेली दांडी म्हणजे वरच्या दांडीचं एक टोक. तिच्या समोर एकच मोठा तुकडा. पुन्हा बोटावर. पुन्हा कडी. असं वर वर जायचं. कडी मधोमध येतेच असं नाही. जड बाजूला आखूड हात मिळतो, हलक्या बाजूला लांब. सगळ्यात शेवटी काय उरतं? वरची एक रिकामी कडी.

मला ते इतकं आवडलं की मी अप्पांना ओरडून सांगितलं, “अप्पा, पत्रकाच्या उलट आहे हे! तुमच्याकडं वर प्रमुख उपस्थिती, खाली बारीक अक्षरात आपले नम्र. इथं आधी आपले नम्र!”

अप्पा चहा पीत होते. त्यांनी हलत्याकडं बराच वेळ पाहिलं. सायकलच्या आऱ्यांच्या दांड्या, मासे धरायच्या तंगुसाचा दोरा, वाळूनं घासून कोरे केलेले सात तुकडे.

“याच्यावर लिवलंय काय?”

“काहीच नाही.”

“मग लोकांनी वाचायचं काय?”

“वाचायचं नाही. बघायचं.”

“बघून काय करायचं?”

त्याचं उत्तर मला अजूनही पूर्ण येत नाही. पण तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हणाले, “प्रत्येक गोष्टीनं भाषण करावं असा कायदा आहे का?” अप्पा म्हणाले, “कायदा न्हाई. पन आपल्याला गप बसनं परवडत न्हाई, माय.” हे वाक्य मला लागलं. ते खरं होतं म्हणून जास्त लागलं. आमच्यासारख्यांनी केलेल्या कुठल्याही गोष्टीत निषेध असावा, वेदना असावी, अशी आपल्यांचीही अपेक्षा असते आणि परक्यांचीही. मी ठरवलं की मी तोल करणार. नुसता तोल. ज्याला त्यात काही वाचायचं असेल त्यानं वाचावं.

मोठं हलतं, एकवीस तुकड्यांचं, मी अभ्यासिकेच्या हुकाला टांगलं. पहिल्या दिवशी शेजारचे मामा दारात उभे राहून म्हणाले, “लई चमकतंय गं पोरी. माझ्या ज्वारीत टांग, एक राघू फिरकनार न्हाई.” एका पोरानं विचारलं, “ताई, हे कशाला असतंय?” भरतीची तयारी करणारी एक मुलगी होती, सकाळी मैदानावर धावून यायची आणि घामेजल्या अंगानंच पुस्तक उघडायची. ती म्हणाली, “गप बे. कशाला न्हाई म्हनूनच चांगलंय.” पोरीच्या तोंडचं ‘बे’ ऐकून सगळी पोरं हसली. पुढं माझ्या ध्यानात आलं की पोरं मोठ्यानं पाठांतर करायला लागली की त्यांच्या श्वासानंसुद्धा खालचे तुकडे हलतात. संविधानाची कलमं म्हणायला लागली की वर एकवीस पत्रे फिरायचे. मी कुणाला सांगितलं नाही. पण रोज बघायला जायचे.

मग उन्हाळा आला. बीडचा उन्हाळा मी वर्णन करून सांगत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दुपारी झळा लागतात म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या आणि बंद खोलीत उकडून निघायचं. हलतं निपचित लोंबत राहायचं. अशात एक दिवस आमच्या भागाच्या जिल्हा परिषद सदस्यसाहेबांचा कार्यकर्ता मोटारसायकलवर खोकं बांधून आला. शाळेत तो माझ्या दोन वर्ग पुढं होता. साहेबांचा वाढदिवस जवळ आलाय, अभ्यासिकेला पंखा भेट आहे, म्हणाला. आणि वर बघून, “ते तेवढं काढून घ्या, ताई.”

“पंख्यावर नाव घालणार का?” मी विचारलं.

“घालावंच लागंल की. सप्रेम भेट हाय.”

“मग नको.”

“नावाला कावून भेता? नाव काय चावतंय?”

“उद्या ही पोरं वर बघतील ते नाव बघायला. जन्मभर त्यांना कुणीतरी सांगत राहील की हवासुद्धा कुणाच्यातरी कृपेनं मिळते.”

तो हसला. “हवा कृपेनंच मिळती, ताई. दुपारी दोनला येऊन बसा इथं, मंग कळंल.”

मी पोरांना विचारलं. हात वर करा म्हटलं. हे मीच सुचवलं, कारण लहानपणापासून मी हेच वाचत आले की ठराव सगळ्यांनी मिळून करायचा असतो. पंख्याच्या बाजूनं सगळे हात वर गेले. भरतीवालीचासुद्धा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी टेबलावर चढून हलतं स्वतःच्या हातानं उतरवलं, खालून वर नव्हे, या वेळी वरून खाली, आणि कागदांत घालून घरी नेलं. राग आला होता. पण मतदान मी मागितलं होतं आणि मी हरले होते. जिंकल्यावरच मत मानायचं असेल तर पत्रकं कशाला वाचली?

कार्यक्रम झाला. नारळ फुटला. पंखा बघून मला हसू आवरेना. मागच्या एका पुढाऱ्यानं समाजमंदिराच्या पुढच्या खोलीतल्या पंख्यावर रंगानं नाव लिहिलं होतं, ते दोन वर्षांत धुरकटून गेलं. म्हणून या वेळी पक्कं काम केलं होतं. एका पात्यावर पत्र्याची लांबलचक पाटी, चार स्क्रूंनी आवळलेली. त्यावर लाल ऑइलपेंटमध्ये ‘कार्यसम्राट’ आणि पुढं साहेबांचं आख्खं नाव. बाकीची दोन पाती कोरी. नाव उठून दिसावं म्हणून.

बटण दाबलं. टाळ्या वाजल्या. पंखा फिरायला लागला आणि डुलायलाही लागला. आधी थोडा, मग वरच्या नळीसकट, पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखा. खाली बसलेल्यांनी बाकं मागं घेतली. कार्यकर्त्यानं पटकन रेग्युलेटर एक नंबरवर आणला, फोटो उरकले, आणि साहेब गेल्यावर पंखा बंद झाला. तो आठ दिवस बंदच राहिला. त्याच्या खाली बसायला कुणी धजेना. वायरमन येऊन बघून गेला. फिटिंग बरोबर हाय, म्हणाला. मग कार्यकर्त्यानं शोध लावला.

“हूक ढिला झालाय. ते पत्र्याचं लोढणं कितीक दिवस फिरत हुतं त्याला. त्यानंच हूक झिजवला.”

माझं हलतं एक किलोसुद्धा नव्हतं. पण ही गोष्ट वस्तीत दोन दिवसांत फिरली. मामा मला म्हणाले, “म्या म्हनलंच हुतं, ज्वारीत टांग.” किराणा दुकानावर एक बाई म्हणाली की फिरती वस्तू डोक्यावर असूच नये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरी अप्पा जेवताजेवता बोलले, “झिजला बी असंल. तार शेवटी तारच.” मी ताट सरकवून उठले. पंखा लागला याचं मला वाईट वाटलं नव्हतं. पण आता माझ्या कामावर खोटा आळ होता, आणि तो पुसला नाही तर हलतं त्या खोलीत पुन्हा कधी जाणार नव्हतं. हे सरळ होतं. मला ते परत न्यायचं होतं, आणि चोरासारखं नव्हे.

रविवारी सकाळी सगळे जमलेले असताना मी एकच दांडी घेऊन गेले. दोन टोकांना दोन तुकडे, मधे कडी. ती खिडकीच्या गजाला टांगली. दांडी आडवी थांबली. मग एका पोराचं खोडरबर मागितलं, अर्धं तोडलं, आणि थोड्या मेणानं एका तुकड्याला चिकटवलं. दांडी कोलमडली.

“आता सांगा, गज ढिला झाला का?”

भरतीवाली पंख्याकडं बघत हळूच म्हणाली, “आयला. पाटी.”

“तीन पाती सारखी असतात. एकावर पाटी मारली. आता एक जड, दोन हलकी. हा हलणारच. हुकाला लोंबकळून दाखवू का?” आणि दाखवलं. टेबलावरून पंख्याची नळी बाजूला सारून मी त्या हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळले. माझं वजन हलत्यापेक्षा पन्नासपट तरी असेल. हूक जागचा हलला नाही. खाली पोरी किंचाळल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

कुणीतरी फोन केला असणार, कारण मी स्क्रूड्रायव्हर घेऊन परत टेबलावर चढले तोवर कार्यकर्ता दारात होता. त्याच्या मागं अप्पा. रस्त्यात भेटले असतील.

“ताई, खाली उतरा. पाटीला हात लावू नका.”

“पाटीमुळंच हलतोय.”

“मंग वजनच सारखं करायचंय ना? बाकीच्या दोन पात्यांना बी पाट्या मारू. एकीवर वहिनीसाहेबांचं नाव घालू, एकीवर छोट्या साहेबांचं. झालं सारखं!”

तो गंमत करत नव्हता. खोली अशी हसली की तोही जरा ओशाळला. पण मी हसले नाही, कारण त्याचं म्हणणं हिशेबानं अचूक होतं. दोन पाट्या लावल्या असत्या तर पंखा सरळ फिरला असता. नुसते दोन नट चिकटवून मी तो दहा मिनिटांत नीट केला असता, पोरांना हवा मिळाली असती, साहेबांचं नाव राहिलं असतं, सगळे खूश. वजन वाढवत जाऊनही तोल साधता येतो. सगळीकडं तेच चालतं. एकाचं नाव जड झालं की दुसऱ्याचं लावा, म्हणजे डुलणार नाही. मला तो तोल नको होता.

मी पहिला स्क्रू सोडवला.

“पाटी काढली तर पंखा बी न्यावा लागंल,” तो म्हणाला. आवाज बदलला होता. “साहेबांचा अपमान हाय हा.”

“ने. पण तूच वर चढ, आणि नेताना या सगळ्यांकडं बघत ने.”

पोरांना पंखा हवा होता, हे मला माहीत होतं. मी त्यांच्या डोक्यावरचा वारा पणाला लावत होते आणि या वेळी हात वर करा म्हटलं नव्हतं. दुसरा स्क्रू माझ्या हातून घसरून खाली पडला. तो अप्पांनी उचलला. मग ते टेबलापाशी आले, टेबल डगमगत होतं ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, आणि कार्यकर्त्याला शांतपणे म्हणाले, “ही पाटी मीच कापलीय. छापखान्यात. वजनाचं डोक्यात आलं न्हाई, चूक माझी. आन तुला पंखा न्यायचा तर खुशाल न्ये. उद्या सकाळी पत्रक निघंल. मथळा आत्ताच सांगतो: वाढदिवसाचा पंखा परत नेला.”

“अप्पा, तुमी बी? साहेबांची पत्रकं तुमीच छापता ना?”

“छापतो की. मशीन सगळ्यांना सारखीच शाई लावती.”

भरतीवाली उठली. “दादा, न्यायचा तर न्या,” ती म्हणाली, “पन तवर चालू राहू द्या. लई उकडतंय.”

मी उरलेले दोन स्क्रू काढले. पाटी हातात आली. तिच्या मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत एका इंग्रजी बोलायच्या क्लासची जाहिरात होती. मी खाली उतरले आणि कुणीतरी बटण दाबलं. पंखा एक नंबरवर फिरला, तीनवर फिरला, पाचवर फिरला. नळी जागच्या जागी. टेबलावरची पानं फडफडायला लागली आणि पोरांनी त्यांच्यावर पेनं, डबे, मिळेल ते ठेवलं.

कार्यकर्ता वर बघत उभा राहिला. कपाळावरचा घाम पुसला. वारा त्यालाही लागतच होता.

“पाटी तरी द्या,” तो म्हणाला.

“नाही देत. वजनाला कामी येईल.”

तो गेला. पंखा नेला नाही. दोन दिवस मी वाट बघितली. नंतर कळलं की त्यानं साहेबांना पाटी अजून आहे असंच सांगितलं. पंखा फिरत असताना नाव असलं काय, नसलं काय, खालून वाचता येत नाहीच.

हलतं परत न्यायला मला पुढचा महिना लागला. पंख्याच्या वाऱ्यात जुनं टिकलं नसतं, तंगूस एकमेकांत गुंतला असता. मी सगळं सोडवलं आणि पुन्हा खालून सुरू केलं. आखूड दांड्या, दोऱ्याऐवजी तारेच्या कड्या, थोडे जड तुकडे. पाटीचे चार भाग केले आणि त्यातला सगळ्यात छोटा अगदी खालच्या दांडीला लावला. घासूनही लाल रंग पूर्ण गेला नाही. त्या तुकड्यावर ‘सम्राट’मधला ‘ट’ अजून दिसतो. राहू दिला.

दुसरा हूक अप्पांनी बसवला, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. गवंड्याचं मशीन मागून आणलं, स्वतः शिडीवर चढले, आणि छिद्र पाडताना सगळी धूळ स्वतःच्या डोळ्यांत घेतली. टांगून झाल्यावर खाली उभे राहून बघत होते. एकवीस तुकडे पंख्याच्या परतणाऱ्या वाऱ्यात फिरत होते, प्रत्येक वेगळा. मी वाट बघत होते, आता विचारतील, लिवलंय काय?

विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून येताना एक छोटा कागद आणला, वहीच्या पानाएवढा, आणि खळ लावून दाराशेजारी चिकटवला. मोठ्या ठळक टाइपात, पत्रकासारखंच: ‘जाहीर सूचना. हलत्याला हात लावू नये. पंख्यावर नाव लावू नये.’ खाली बारीक अक्षरात ‘आपले नम्र’. त्याच्या खालची जागा कोरी होती.

“नावं राहिली का?” मी विचारलं.

“ठिवलीच न्हाईत,” अप्पा म्हणाले, आणि बोटाला लागलेली खळ धोतराला पुसली.